पायाचा सेल्युलायटिस आणि मागे राहणारी सूज : काळजी कशी घ्यावी

एका पायाची नडगी किंवा घोट्याचा भाग काही तासांत लाल, गरम आणि दुखरा होऊन सुजू लागला आणि सोबत हुडहुडी भरून ताप आला, तर तो बहुधा सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरांत पसरणारा जिवाणूंचा संसर्ग असतो. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. म्हणून दोन्ही पायांना हात लावून उष्णतेतला फरक तपासावा. दोन्ही पाय कित्येक आठवडे लालसर व सुजलेले असतील, तर कारण बहुतेकदा शिरांमध्ये साचणारे रक्त हे असते आणि तेथे प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. याउलट एकाच पोटरीची सूज रक्ताच्या गुठळीमुळेही येऊ शकते, त्यामुळे निदान घरी न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

लालीच्या कडेने पेनाने रेष काढून वेळ लिहून ठेवावी. औषध सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत लाली रेषेबाहेर थोडी सरकू शकते; मात्र 48 तासांनंतरही ती वाढत असेल किंवा ताप उतरत नसेल, तर पुन्हा दाखवणे आवश्यक आहे. वेदना दिसणाऱ्या खुणांच्या मानाने असह्य असेल, त्वचा जांभळी-काळी पडत असेल, मोठे फोड येत असतील किंवा रुग्णाला भ्रम होत असेल, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. मधुमेह असल्यास मुळातच अधिक सावध राहावे.

पाय उंच ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे, पण तो बहुधा अर्धवट केला जातो. खुर्चीत बसून पाय स्टुलावर टेकवणे पुरेसे नाही. आडवे होऊन, खाली उशा घेऊन पाऊल हृदयाच्या पातळीपेक्षा वर राहील असे पाहावे आणि मधूनमधून घोटा हलवत राहावे. दुखऱ्या भागावर मालीश किंवा शेक टाळावा.

खरी दक्षता ताप उतरल्यानंतर लागते, आणि नेमकी तेव्हाच ती सुटते. जंतू आत शिरले कोठून, हे शोधण्यासाठी बोटांच्या बेचक्या उघडून पाहाव्यात, कारण तेथील चिखल्या, म्हणजे बुरशीमुळे ओली पडून फाटलेली त्वचा, हा त्यांचा नेहमीचा मार्ग असतो. बेचक्या रोज कोरड्या कराव्यात, डॉक्टरांनी सांगितलेले बुरशीनाशक मलम पूर्ण मुदतीपर्यंत लावावे आणि टाचांच्या भेगांवर मऊपणा आणणारे मलम चोळावे.

संसर्ग गेल्यावरही सूज काही आठवडे राहू शकते. तेवढ्यावरून प्रतिजैविके वाढवून घेऊ नयेत. मात्र प्रत्येक संसर्गात लसीकावाहिन्यांना, म्हणजे शरीरातील जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांना, इजा होते, त्यातून द्रव साचतो आणि त्या सुजलेल्या पायात पुढचा संसर्ग अधिक सहज होतो. हे चक्र तोडण्यासाठी दुखणे ओसरल्यावर दाबाचे मोजे वापरतात, परंतु पायाच्या धमन्यांतील रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते घालू नयेत.

संसर्ग वारंवार होत असेल, तर डॉक्टर पेनिसिलिन अल्प मात्रेत अनेक महिने देऊ शकतात. ते बंद केल्यावर त्याचे संरक्षण हळूहळू ओसरते, म्हणून त्या काळातच सूज आणि चिखल्या दोन्ही आटोक्यात आणाव्यात.