कॅमेरा हवा, झाडही हवं: सरकारी आवारासाठी

सीसीटीव्ही कॅमेऱ्यासमोर फांदी आली म्हणून झाड तोडू नका. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या झाडं जतन करण्याच्या कायद्यानुसार तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीआधीही विचारून घ्या. कुंपणालगतची झुडपं दोन फुटांखाली ठेवा, मोठ्या झाडांच्या आठ फुटांखालच्या फांद्या काढा. मधल्या मोकळ्या पट्ट्यात माणूस लपू शकत नाही. पावसाळ्यात फांद्या भराभर वाढतात, तेव्हा नवरात्राच्या सुमारास पुन्हा बघा.

दिवे ३००० केल्विनचे (म्हणजे पिवळसर उजेडाचे), प्रकाश खालीच टाकणारे घ्या. झगझगीत फ्लडलाइटने चित्र पांढरं पडतं, सावल्या उलट गडद होतात. खरा त्रास कोळ्यांचा: काचेवर जाळं होतं, कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) दिव्यात ते चमकतं, रात्रभर खोटे अलार्म वाजतात. तो दिवा वेगळा, दोनेक फूट बाजूला बसवा.