जुळवलेल्या एअर रायफलला साईट कशी निवडावी आणि बसवावी

2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्राने 10 मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकले, 2024 साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातल्या मुलांना या खेळाची ओढ लागली तर नवल नाही. नवी मॅच रायफल मात्र फार महाग पडते. मग नळी आणि अॅक्शन (बोल्ट-ट्रिगरचा भाग) एकीकडून, दस्ता दुसरीकडून आणि साईट, म्हणजे रायफलवर पुढे आणि मागे बसणारे नेम धरायचे साधन, तिसऱ्याच रायफलची, अशी जुळवाजुळव होते. अशा रायफलवर घोळ होतो तो बहुतेक वेळा साईटच्या उंचीत. म्हणून आधी मोजमाप, नंतर खरेदी. साईटवरचे नाव कितीही मोठे असले तरी उंची जुळत नसेल तर ती घेऊ नका.

कामाला हात घालण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट उघडा ठेवा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण दाखवणारी रंगीत दोरी, घाला.

उंचीचे गणित

व्हर्नियर कॅलिपर घ्या. नळीच्या वरच्या कडेपासून पुढच्या साईटमधल्या रिंगच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि तीत नळीच्या बाहेरच्या व्यासाचा निम्मा मिळवा. ही झाली नळीच्या मध्यापासून पुढच्या साईटची उंची. मागच्या साईटच्या भोकाची उंचीही नळीच्या मध्यापासूनच काढा. रेलच्या, म्हणजे साईट ज्या खाचेच्या पट्टीवर बसते तिच्या, माथ्यापासून मोजून थांबलात तर हिशेब चुकतो.

दोन्ही उंची सारख्या असाव्यात असे अनेकांना वाटते, पण मागची साईट थोडी उंच लागते. नजरेची रेषा नळीच्या वरून जाते, आणि सेकंदाला 170 मीटर वेगाने निघालेला छर्रा 10 मीटरमध्ये सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. या दोन्ही गोष्टी भरून काढायला नळीचे तोंड किंचित वर रोखलेले असावे लागते. फरक असा काढा: पुढच्या साईटच्या उंचीत 17 मिळवा, दोन्ही साईटमधल्या अंतराने (मीटरमध्ये) गुणा आणि 10 ने भागा. पुढची उंची 50 मिलिमीटर आणि अंतर 80 सेंटिमीटर असेल तर 67 गुणिले 0.8 भागिले 10, म्हणजे साधारण 5.4 मिलिमीटर. मागची साईट तिच्या क्लिकच्या (साईट वर-खाली, डावी-उजवी सरकवणाऱ्या स्क्रूच्या टप्प्यांच्या) मधल्या स्थितीत असताना पुढच्या साईटपेक्षा एवढी उंच बसली पाहिजे. इथे 1 मिलिमीटर चुकला तर टार्गेटवर 12.5 मिलिमीटर चुकतो. क्लिक शेवटपर्यंत फिरवूनही छर्रे खालीच लागत असतील तर स्क्रू आणखी पिळू नका. मागची साईट बुटकी आहे किंवा पुढची जास्त उंच आहे.

उंच मुलांना मान वाकवावी लागते आणि डोळा भुवईखालून वर बघत राहतो. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही साईटखाली सारख्या उंचीचे ठोकळे. 10 मिलिमीटरचे ठोकळे घातले तर वरच्या हिशेबाप्रमाणे मागची साईट आणखी 0.8 मिलिमीटर उंच लागते, ते क्लिकवर भरून निघते. गालपट्टीही तेवढीच वर घ्यायला विसरू नका. हे ठोकळे बेळगावच्या उद्यमबागेत मिलिंग करणाऱ्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमचे होतात. फक्त रेलचे माप कागदावर लिहून देऊ नका, रेलच दाखवा. रेल 11 मिलिमीटरची म्हटली तरी डोव्हटेलचा (रेलच्या तिरक्या कडांचा) कोन सगळीकडे एकच नसतो. कोन चुकला की ठोकळा एका कडेवरच धरतो आणि रोज थोडा थोडा सरकतो.

रिंग आणि आयरिस

टार्गेटचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा. डोळ्यापासून पुढची साईट सुमारे 90 सेंटिमीटरवर असेल तर तो गोल तिथे जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा भासतो. म्हणून 3.8 ते 4.4 मिलिमीटरची रिंग योग्य. नवशिक्याने 4.2 पासून सुरुवात करावी. घट्ट रिंगेत नेम बारीक लागेल असे वाटते, पण पांढरी कड पुरेशी दिसत नाही, डोळा ती शोधत बसतो, ट्रिगर दाबायला उशीर होतो आणि हात थरथरतो.

मागच्या साईटचे लहान-मोठे करता येणारे भोक, म्हणजे आयरिस, 1.2 मिलिमीटरवर ठेवून हळूहळू लहान करा. काळ्या गोलाची कड स्पष्ट झाली की थांबा. चित्र करडे पडले तर भोक जास्तच लहान झाले आहे. पावसाळ्यात ढगाळ उजेडात एखादा टप्पा मोठे करावे लागते. डोळा भोकापासून 5 ते 8 सेंटिमीटरवर असावा आणि पुढच्या साईटच्या नळकांड्याभोवती सगळीकडून सारखी पांढरी कड दिसावी. ती एका बाजूला जाड दिसली तर दस्ता दुरुस्त करा, क्लिक नव्हे. पुढची साईट नळीच्या टोकापुढे जाता कामा नये, स्पर्धेत ती बाद ठरते. दुर्बीणही चालत नाही.

जुनी साईट घेताना

बोटाने हलवून बघा, खेळ जाणवला तर परत द्या. मग टेकू लावून 5 छर्रे मारा. 20 क्लिक उजवीकडे जाऊन 5, तिथून 20 वर जाऊन 5, 20 डावीकडे जाऊन 5, आणि 20 खाली येऊन शेवटचे 5. शेवटचा गट पहिल्या गटावर पडला पाहिजे. नाही पडला तर स्क्रूचे आटे झिजले आहेत, आणि ते दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत. याच चाचणीतून एका क्लिकला छर्रा किती सरकतो तेही कळते. बाण कुठल्या दिशेचा हे मात्र नीट तपासा. अनेक जर्मन साईटवर छर्रा जिकडे लागला तिकडच्या अक्षराकडे फिरवायचे असते, इतर काहींवर जिकडे न्यायचा तिकडे.

झिरो करताना, म्हणजे छर्रे टार्गेटच्या मध्यावर आणताना, एकेका छर्‍यामागे धावू नका. 5 छर्‍यांच्या गटाचा मध्य धरा. क्लिक मागे घ्यायचे असतील तर तीन जादा मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे स्क्रूमधला ढिलेपणा निघतो. गट एका बाजूला आणि रोज वेगळा पडत असेल तर रायफल तिरकी धरली जात आहे. 5 अंश तिरकी झाली की छर्रा त्या बाजूला सुमारे दीड मिलिमीटर जातो, म्हणजे टार्गेटवरच्या अर्ध्या रिंगेपेक्षा जास्त.

खानापूरकडच्या पावसात रेलवर आठवड्यात गंज दिसू लागतो. तेलाचा अगदी पातळ हात रेलवर फिरवा, क्लिकच्या स्क्रूवर मात्र तेल नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत साईट कोंडू नका, सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवा. कोल्हापूरला किंवा आणखी कुठे स्पर्धेला जाताना मागची साईट काढून नेणार असाल तर रेलवर आणि साईटवर समोरासमोर पांढरी रेघ मारा, क्लिक वहीत टिपा आणि रायफलचे बिल व ओळखपत्र जवळ बाळगा. तिथे बसवल्यावर मॅचच्या आधीच्या सराव फेरीत पहिले 5 छर्रे फक्त साईट तपासण्यासाठी वापरा.