पानशेतच्या पुराची रोजनिशी इंग्रजीत लिहिताना

‘इतिहासातील एखाद्या प्रसंगी आपण तिथे होतो, असे कल्पून आठ दिवसांची रोजनिशी लिहा’ असा गृहपाठ इंग्रजीच्या तासाला मिळाला की बहुतेक मुले विषयाची माहिती शोधतात, तिचे आठ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक तारीख टाकतात. मी गेली अनेक वर्षे नववी-दहावीला इंग्रजी शिकवते आणि मला दिसते ते असे, की या गृहपाठात अडते ते इंग्रजीपाशी फारसे नाहीच. पुढे काय झाले हे मुलांना आधीच ठाऊक असते, पण रोजनिशी लिहिणाऱ्या माणसाला ते ठाऊक असून चालत नाही. खरी अडचण तिथे आहे.

आमच्या वर्गातील एका मुलीने पानशेतचा पूर हा विषय निवडला होता आणि निवड चांगली होती. प्रसंग असा घ्यावा, की जो पाहिलेले कोणीतरी अजून घरात, वाड्यात किंवा सोसायटीत भेटेल. पानिपतावरच्या सैनिकाच्या पायात काय होते हे कळायला ग्रंथालयात बसावे लागते, पुराच्या दिवशी घरात काय शिजले होते हे आजी सांगू शकते. मात्र तिच्या पहिल्या मसुद्याचे पहिलेच वाक्य होते, ‘आजचा दिवस पुण्याच्या इतिहासातील काळा दिवस ठरला.’ हे वाक्य पाठ्यपुस्तकाचे आहे. ज्या मुलीच्या घरात पाणी शिरत आहे, तिला इतिहास वगैरे काही दिसत नसतो. तिला जिन्याची कितवी पायरी बुडाली एवढेच दिसते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कागदाचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला आज आपल्याला जे माहीत आहे ते लिहावे: आंबी नदीवरचे, काम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण वाचवण्यासाठी जवान वाळूची पोती रचत होते; बुधवार, १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटले; दुपारी खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले; मुठा नदीचे पाणी पुण्याच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठांत आणि डेक्कन जिमखान्याच्या बाजूला शिरले; वीज गेली आणि खडकवासल्याचा तलावच रिकामा झाल्याने पुढे नळाला पाणी येईना. उजव्या बाजूला यातील काय, त्या घटकेला, रोजनिशी लिहिणाऱ्या, वाड्यात राहणाऱ्या तेरा वर्षांच्या कल्पित मुलीला कळले असेल ते लिहावे. उजवी बाजू फार लहान भरते. रोजनिशी फक्त तिच्यातून लिहायची असते. ‘पानशेतचा पूर’ हे नावसुद्धा त्या सकाळी जन्मलेले नव्हते; लोक ‘पाणी आले’, ‘धरण फुटले’ एवढेच ओरडत होते आणि कोणते धरण हे अनेकांना धड ठाऊक नसावे.

यानंतर माणसांशी बोलावे. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. ‘पूर कसा होता?’ असे विचारले की ‘फार भयंकर होता’ असे उत्तर येते आणि बोलणे तिथेच थांबते. त्याऐवजी पाणी पहिल्यांदा कुठून दिसले, हाताला येईल ते म्हणून काय उचलले, काय मागे राहिले, ती रात्र कोणाकडे काढली, परत आल्यावर घराला वास कसला येत होता, असे विचारावे. आमच्या त्या मुलीच्या आजीने भिजून फुगलेल्या गव्हाचा आंबूस वास सांगितला, आणि तो सांगताना तिने नकळत पदर नाकाला लावला. मुलीने ती हालचाल जशीच्या तशी रोजनिशीतील आईला दिली. हे जरूर करावे. पण सांगणारे माणूस गप्प झाले, तर आपणही गप्प बसावे. त्या दिवशी खरोखर माणसे गेली आहेत. केवळ परिणाम साधावा म्हणून रोजनिशीत कोणाचा मृत्यू रचू नये आणि कोणाचे खरे नाव तर मुळीच वापरू नये.

काळाच्या चुका वस्तूंमधून होतात. १९६१ साली पुण्यात दूरदर्शन नव्हते. घरी विजेवरचा रेडिओ असला, तरी वीज गेल्यावर तो मुका झाला असणार, म्हणजे बातमी तोंडोतोंडीच येणार. नवे पैसे १९५७ मध्ये आले होते, तरी आजीच्या तोंडी आणेच असणार. आणि रोजनिशी हीदेखील एक वस्तू आहे, हे मुले विसरतात. ती कशाने लिहिली, पाणी आले तेव्हा कुठे होती? आमच्या मुलीने १३ तारखेची नोंद शिसपेन्सिलीने, एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिली, कारण दौत माळ्यावर न्यायची राहून गेली होती. तेवढ्या एका तपशिलाने मला त्या घरात नेले.

पहिल्या दोन-तीन नोंदींत पुराचा मागमूस नसावा. पाऊस आहे, नव्या वहीला घातलेले कव्हर ओले झाले आहे, मैत्रिणीशी अबोला आहे, इतके पुरे. तो अबोला नंतर कामाला येतो, कारण १२ तारखेला ती मैत्रीण नदीच्या बाजूला राहते हे आठवते.

इंग्रजीबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगते. मुले सगळी रोजनिशी साध्या भूतकाळात लिहून टाकतात. ‘बाबा डिड नॉट कम बॅक’ असे लिहिले की बाबा आलेच नाहीत असे वाटते, प्रसंग मिटतो. ‘बाबा हॅज नॉट कम बॅक येट’ असे लिहिले की लिहिणारी अजून दाराकडे पाहते आहे. आमच्या त्या मुलीच्या सकाळी दहाच्या नोंदीचा आशय मराठीत असा होता: ‘आईने तांदळाचा डबा माळ्यावर ठेवायला सांगितला. गव्हाची कोठी हलेना, म्हणून ती तशीच राहिली. बाबा सायकल घेऊन पूल पाहायला गेले आहेत. अजून आलेले नाहीत.’ झालेल्या कामांना साधा भूतकाळ आणि न संपलेल्या काळजीला पूर्ण वर्तमानकाळ, एवढे सांभाळले तरी न कळलेले न कळलेलेच राहते. वाडा, माळा, कोठी, आजी हे शब्द इंग्रजी वाक्यातही तसेच ठेवावेत. आजूबाजूचे वाक्य नीट असेल तर अर्थ लागतो. ‘माळ्यावर चढले आणि डोके तुळईला आपटले’ म्हटल्यावर माळा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचावे आणि ‘नंतर कळले की’, ‘कोणाला ठाऊक होते की’, ‘हा दिवस कधीच विसरणार नाही’ अशी वाक्ये दिसतील तिथे ती निर्दयपणे काढावीत. वहीच्या शेवटी, रोजनिशीच्या बाहेर, कोणता भाग खरा, कोणता आजीकडून ऐकलेला आणि कोणता कल्पित हे दोन-तीन ओळींत शिक्षकांसाठी नोंदवावे.

शेवटच्या नोंदीपाशी ती मुलगी फार अडली होती. तिने आधी शहर पुन्हा उभे राहिल्याचे लिहिले होते, ते आम्ही दोघींनी मिळून काढले. नव्या नोंदीत ती भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ वितीने मोजते, अकरा विती भरतात, आणि मग लिहिते की मैत्रिणीच्या घराकडची वाट अजून चिखलाने बंद आहे, उद्या पुन्हा जाऊन पाहीन.