जुन्या एमएमए लढती कशा पाहाव्यात: बेळगावच्या कुस्तीशौकिनांसाठी

ज्याने आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा येळ्ळूरच्या मैदानात मातीच्या कडेला बसून निकाली कुस्ती पाहिली आहे, त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या खेळाच्या) पहिल्या काळातील लढती इतरांपेक्षा लवकर कळतात, असे माझे मत आहे. मात्र त्या पाहण्याची रीत चुकली, तर हाती केवळ रक्ताची आणि पडलेल्या दातांची दृश्ये लागतात, आणि आमच्या पिढीला त्या काळाची एवढी ओढ का वाटते, याचा उलगडा होत नाही.

सुरुवात नियमांपासून करावी. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे पहिली यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप ही स्पर्धा) झाली, तेव्हा वजनी गट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते, आणि विजेत्याला आठ जणांच्या बाद फेरीतून एकाच रात्री तीन लढती जिंकाव्या लागत. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे वर्ज्य होते. 1995 साली वेळेची मर्यादा आली, 1997 साली वजनी गट आणि हातमोज्यांची सक्ती आली, आणि 2000 नंतर अमेरिकेतील राज्यांनी हळूहळू एकसमान नियमावली स्वीकारली. कोणतीही जुनी लढत लावण्यापूर्वी तिचे साल पाहावे आणि त्या रात्री काय चालत होते हे मनाशी पक्के करावे. नाहीतर आजच्या नियमांनी कालच्या पैलवानाला दोष देण्याची चूक होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सुट्या चित्रफिती टाळून संपूर्ण रात्र क्रमाने पाहावी. यूएफसी आणि प्राइड ही जपानी स्पर्धा या दोन्हींचा जुना संग्रह यूएफसी फाइट पास या ऑनलाइन सेवेवर पैसे भरून पाहता येतो. पहिल्या रात्रीची पहिली लढत 26 सेकंदांत संपते: जेरार्ड गॉर्डोची लाथ बसते आणि टेला टुलीचा दात उडतो. नंतर आर्ट जिमरसन हा मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून आत येतो. आज हे हास्यास्पद वाटते, पण त्या मोज्यात तो सगळा काळ सामावलेला आहे. समोरचा काय करणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि कराटे मोठे की बॉक्सिंग, कुस्ती मोठी की जुजुत्सू (जमिनीवर पकडून सांधे पिरगाळण्याची आणि गळा आवळण्याची कला), हा आपल्याकडे तालमीच्या कट्ट्यावर रंगणारा वाद तिथे खरोखर जाळीच्या पिंजऱ्यात उतरवून पाहिला जात होता. आजच्या लढवय्याला सगळेच थोडेथोडे येते. कौशल्य वाढले आहे हे मी नाकारत नाही, पण तो प्रश्न मात्र संपला.

यानंतर डिसेंबर 1994 मधील चौथ्या यूएफसीचा अंतिम सामना निवांत वेळ काढून पाहावा. एका बाजूला सुमारे 80 किलोंचा, ब्राझीलच्या जुजुत्सू घराण्यातील रॉयस ग्रेसी, दुसऱ्या बाजूला शंभर किलोंहून बराच जड असलेला डॅन सेव्हर्न, म्हणजे पक्का कुस्तीगीर. मी ही लढत प्रथम खडे बाजारातून आणलेल्या एका सीडीवर पाहिली आणि ती सीडी नेमकी निकालाच्या आधी अडकली. दुकानदाराला सांगितले, तेव्हा त्याने ती शर्टाला पुसून परत दिली. पुढे कळले की मूळ प्रक्षेपणही ठरलेल्या वेळेपेक्षा लांबल्यामुळे अमेरिकेतील अनेक घरांत शेवटापूर्वीच बंद पडले होते, आणि वेळेची मर्यादा येण्यामागे ते एक कारण होते.

चांगली प्रत मिळाल्यावर मी ती लढत आमच्या तालमीच्या वस्तादांना दाखवली. सेव्हर्नने पट काढून ग्रेसीला पाठीवर पाडताच वस्ताद म्हणाले, “चीत झालाय की तो. सोडव कुस्ती!” आपला डोळा इथेच फसतो, आणि म्हणूनच हा सामना आवाज बंद करून पाहावा, कारण त्या काळच्या समालोचकांचाही डोळा पुष्कळदा असाच फसत असे. आपल्या मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. जुजुत्सूत पाठ टेकल्यावर कामाला सुरुवात होते. नजर वरच्या पैलवानाच्या धडावर न ठेवता खालच्याच्या गुडघ्यांवर ठेवावी. ते कधी सेव्हर्नच्या कमरेला धरतात, कधी खांद्याकडे सरकतात. पंधरा मिनिटे उलटून गेल्यावर ग्रेसीचे पाय सेव्हर्नची मान आणि एक हात यांच्याभोवती कैचीसारखे बसतात आणि 15 मिनिटे 49 सेकंदांनी सेव्हर्न हार मानतो. वस्ताद बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वरच्यानं खालच्याला धरलंय असं आपल्याला वाटलं. उलटंच होतं रे ते.”

जपानमधील प्राइडसाठी स्वतंत्र संध्याकाळ ठेवावी. तिथे जाळीऐवजी दोरांचे रिंगण होते, पहिली फेरी दहा मिनिटांची असे, आणि चुळबुळ करत वेळ काढणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवून मानधनातून दहा टक्के कापले जात. आपल्याकडे नुसती खडाखडी करत बसलेल्या जोडीला पंच ताकीद देतात, त्यातलाच हा प्रकार. मानधन कापण्याची सोय आपल्या फडांवर असती तर काही मैदाने दिवेलागणीपूर्वी आटोपली असती.

प्राइडमधून एकच लढत निवडायची तर 1 मे 2000 रोजी टोकियो डोममध्ये झालेली जपानी लढवय्या काझुशी साकुराबा आणि रॉयस ग्रेसी यांची निवडावी. पंधरा मिनिटांच्या फेऱ्या, त्यांना संख्येची मर्यादा नाही आणि पंचाने लढत थांबवायची नाही, अशा अटी ग्रेसी घराण्याच्या मागणीवरून घातल्या गेल्या होत्या. नव्वद मिनिटांनंतर, सहावी फेरी संपल्यावर, त्यांच्याच कोपऱ्यातून हार मान्य करणारा टॉवेल आला. ही लढत तुकड्यांत पाहू नये. मधली वीस-पंचवीस मिनिटे कंटाळवाणी आहेत, ती तशीच सोसावीत. साकुराबा समोरच्याच्या अंगरख्याचा त्याच्याच विरुद्ध कसा वापर करतो, हे त्या कंटाळ्यातच दिसू लागते. त्याच रात्री तो इगोर वोव्हचांचिनविरुद्ध पुन्हा उभा राहिला, हेही पाहून घ्यावे.

घरात लहान मुले असतील तर या लढती ती झोपल्यावरच लावाव्यात. अमेरिकेतील सिनेटर जॉन मकेन यांनी या खेळाला माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा दिली होती आणि सुरुवातीच्या काही लढती पाहताना ती अगदीच चुकीची वाटत नाही. हरलेल्या माणसाच्या डोक्यावर पडणारे जादा ठोसे आठवणीत सोयीस्करपणे पुसट होतात. पुन्हा पाहताना ते पुसट करू नयेत.

शेवटी यूएफसीच्या आधीचे एक पान उघडावे. 1951 साली रिओमध्ये मासाहिको किमुराने रॉयसचे वडील हेलिओ ग्रेसी यांना हात पिरगाळून हरवले आणि त्या डावाला जुजुत्सूत किमुराचेच नाव पडले. ऑगस्ट 2000 मध्ये साकुराबाने याच डावावर त्याच घराण्यातील रेन्झो ग्रेसीचा कोपर निखळवला. आणि डिसेंबर 1976 मध्ये, कराचीत, गामा पैलवानाच्या घराण्यातील अक्रम हा जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकीसमोर हाताच्या दुखापतीमुळे हरला. त्या लढतीची चित्रफीत मिळाली तर तालमीतील जाणत्या माणसाला शेजारी बसवून पाहावी, आणि अक्रमचा हात अडकण्याआधी त्याचा पाय कुठे होता, हे त्याला विचारावे.