बेळगावात नव्या वळणाचा ब्लूग्रास संच कसा उभा करावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागात ‘बेंजो’ म्हटले की मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचे, कळा दाबून वाजवायचे वाद्य डोळ्यांसमोर येते. ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या प्रकारातला बँजो निराळा असतो: गोल कड्यावर ताणलेली पुडी, लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड असून एकाच स्वरात घुमत राहते, त्यामुळे एकतारीवर अभंग ऐकत वाढलेल्या कानाला हा बाज परका वाटत नाही. संचाची बांधणी मी याच ओळखीपासून सुरू करीन.

मात्र आधी मूळ घडण ऐकावी. केंटकीच्या बिल मन्रो यांचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच १९३९ मध्ये ‘ग्रँड ओल ओप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आला आणि १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत त्यात दाखल झाले. १९७१ मध्ये सॅम बुश आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू ग्रास रिव्हायव्हल’ स्थापन करून या संगीतात रॉकची भर घातली. पुढे १९८१ मध्ये बेला फ्लेक यांचा बँजो त्यांना मिळाला. त्यांचे प्रयोग टिकले ते जुन्या बाजावर हात बसलेला होता म्हणून, असे माझे मत आहे.

लय सर्वांत आधी बसवावी. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर बेस (खर्जाचे मोठे तारवाद्य) वाजतो, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा तुटक आघात पडतो. हा आघात साधण्यासाठी डाव्या हाताने सर्व तारा दाबून छेड द्यावी आणि त्याच क्षणी बोटे सैल करावीत, मात्र तारांवरून उचलू नयेत; नाद तिथल्या तिथे तुटला पाहिजे. तालवाद्याचे काम मँडोलिनच करत असल्यामुळे पखवाज सुरुवातीला बाजूला ठेवावा. आम्ही तो पहिल्याच बैठकीत घेतला आणि मँडोलिन कुणालाच ऐकू आले नाही. व्हायोलिन शिकलेला कुणी संचात असेल, तर मँडोलिन त्याच्याकडे द्यावे, कारण दोन्हींची स्वरजुळणी सारखीच असते.

गायकाची पट्टी पांढरी पाच असेल, तर बँजोच्या नेहमीच्या जुळणीत काही बदलावे लागत नाही. काळी चारसाठी पहिल्या पडद्यावर कॅपो (दांडीवर तारा दाबून धरणारा चाप) लावावा आणि पाचवी तार वेगळी अर्धा स्वर चढवावी. तिच्यापर्यंत कॅपो पोहोचत नाही, हे नवखे वादक हमखास विसरतात.

भजनी मंडळात धरकरी गायकाच्याच स्वरात साथ करतात, ब्लूग्रासमध्ये मात्र साथीदार वेगळ्या स्वरांवर उभे राहतात. मुख्य गायक ‘सा’वर थांबला की दुसऱ्याने ‘ग’ धरावा, तो ‘ग’वर गेला की ‘प’ धरावा. अभंगाच्या ध्रुपदावर महिनाभर एवढाच सराव करावा, मग कन्नड वचनाकडे वळावे. आपल्या सीमाभागातल्या संचाने दोन्ही भाषांत गायला हवे, असे मला मनापासून वाटते.

कार्यक्रमात शक्यतो एकच मायक्रोफोन मध्ये ठेवून सर्वांनी त्याभोवती उभे राहावे. ज्याची पाळी असेल त्याने पुढे यावे आणि वादन संपताच मागे सरून पुढच्याला वाट द्यावी. ही ये-जाही तालमीत बसवावी लागते.

बँजो घेताना प्लास्टिकची पुडी असलेलाच घ्यावा, कारण खानापूरकडच्या पावसाळी हवेत कातड्याची पुडी सैल पडते आणि आवाज बसतो.