स्लाऊत भाड्याने घर शोधताना

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाऊ या गावात नवीन आलेल्या मंडळींचा पहिला फोन बहुतेक एकच असतो, "ताई, एखादी स्वस्त खोली आहे का हो?" स्वस्त असं इथे फारसं काही उरलेलं नाही. गाव कारखान्यांचं आणि गोदामांचं, पण हीथ्रो विमानतळ शेजारी आणि 2022 पासून थेट लंडनमधून जाणारी एलिझाबेथ लाइन ही रेल्वेही आली. त्यामुळे भाडं ठरतं लंडनकडे बघून. पगार लंडनचा मिळेलच असं नाही.

जाहिरातीत भाडं आठवड्याचं असेल तर चारने गुणू नका. 52 ने गुणा आणि 12 ने भागा. आठवड्याला 175 म्हणजे महिन्याला 700 नव्हे, 758 पौंड. वीज, गॅस, पाणी त्यात धरलंय का, तेही विचारा.

आता जे पोटतिडकीने सांगायचं आहे ते. 2012 च्या हिवाळ्यात आम्ही चॅल्वी या स्लाऊतल्याच वस्तीत एका घराच्या मागच्या अंगणातली खोली घेतली. देणारा आपल्याच भागातला. "करार कशाला, वहिनी? घरचेच आहात," म्हणाला. आम्ही 600 पौंड रोख मोजून दिले, पावतीही मागितली नाही. खोलीला पातळ भिंती, पत्र्याचं छत आणि एक विजेचा हीटर. सकाळी गादी उचलली की खालची बाजू ओली लागायची, आणि मुलीचा खोकला मार्चपर्यंत गेला नाही. 2013 मध्ये कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, उष्णता टिपणारा कॅमेरा लावून गावावरून विमान फिरवलं, लोक राहतात अशा बेकायदा शेड शोधायला. मालक घाबरला आणि आठ दिवसांत आम्हाला बाहेर काढलं. डिपॉझिट गेलं ते गेलंच. कागद नव्हता, दाद कुठे मागणार? तो गृहस्थ अजूनही गणपतीत भेटतो आणि ख्यालीखुशाली विचारतो.

म्हणून हात जोडून सांगते, आपला माणूस आहे म्हणून रोख देऊ नका. बँकेतून द्या, करार लिहून घ्या. इथे लिहून मागितलं तर कुणी रागवत नाही. राग फक्त आपल्याच लोकांना येतो, आणि ज्याला येतो त्याची खोली घेऊच नका.

कायदा तुमच्या बाजूने आहे. वर्षाचं भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवून तुम्हाला तसं कळवावं लागतं. खोली अडवून ठेवायला फार तर एका आठवड्याचं भाडं. 2019 पासून एजंट भाडेकरूची माहिती तपासायची फी लावू शकत नाही. इथे जामीनदार नाही म्हणून पूर्वी आपल्या पोरांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आधीच घ्यायचे. 1 मे 2026 पासूनच्या नव्या भाडेकरारांना एका महिन्याहून जास्त आगाऊ मागता येत नाही. मात्र मालक त्याच घरात राहत असेल तर डिपॉझिटच्या योजनेचं संरक्षण नाही. आपली बहुतेक मुलं अशाच खोल्यांत उतरतात, म्हणून तिथे दुप्पट जपा.

कौन्सिल टॅक्स, म्हणजे कौन्सिलचा घरावरचा कर, भाड्यात आहे का, हे आधी विचारा. इथल्या कौन्सिलचा खजिना 2021 मध्येच कोलमडला आणि 2023 मध्ये कर एकदम 9.99 टक्के वाढला. घरात एकटेच प्रौढ असाल तर 25 टक्के सूट मिळते. व्हिसावर सरकारी मदत घ्यायची नसते, या भीतीने लोक ती मागतच नाहीत. ही सूट त्या मदतीत मोडत नाही. मला हे माझ्या पंजाबी शेजारणीने सांगितलं, आपल्यापैकी कुणी नाही.

घर पाहायला दिवसा जा, आणि कपाटामागच्या भिंतीवर हात फिरवून ओल बघा. विकत घेण्याचा विचार पहिली दोन वर्षं नको.

किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, गालिच्यावरचे डागसुद्धा. मीटरचे आकडे टिपा आणि त्याच रात्री सगळं एजंटला ईमेल करा.