प्रयोगशाळेतील सहायक कर्मचाऱ्यांवर देखरेख करताना या चुका टाळा

रिपोर्ट चुकला की नमुना कोणी आणला, हा प्रश्न आधी विचारला जातो आणि त्याला काय सांगितले होते, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. नागपुरातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पर्यवेक्षक म्हणून काम करताना ही चूक मी स्वतः केली आहे.

मे महिना होता आणि पारा 45 अंशांच्या पुढे गेला होता. बाहेरच्या संकलन केंद्रातून सकाळी निघालेले नमुने दुपारी पोहोचले आणि तीन रुग्णांचे पोटॅशियम वाढलेले आले. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर पेशींपासून सुटणारा द्रव भाग, स्वच्छ पिवळसर होते, म्हणजे पेशी फुटल्याची खूण नव्हती. यंत्राचे कंट्रोलही, म्हणजे यंत्र तपासण्यासाठी चालवलेले ठरावीक मूल्याचे नमुनेही, बरोबर होते. तरीही मी रक्त काढणाऱ्या मुलीला बोललो. संध्याकाळी परिचर मामांनी डबा उघडून दाखवला, तेव्हा रिकाम्या स्टँडच्या बाजूला बर्फाच्या चुऱ्यात नळ्यांच्या आकाराची भोके तशीच दिसत होती. "साहेब, नमुने तापू देऊ नका, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सीरम पेशींपासून वेगळे न करता रक्त तसेच थंड ठेवले, तर पेशींच्या आवरणावरील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतले पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. रंग मात्र बदलत नाही, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसत नाही. उलट साध्या नळीतले रक्त खोलीच्या तापमानाला तसेच राहिले, तर पेशी साखर वापरत राहतात आणि ग्लुकोज तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी घटते. उन्हात हा वेग आणखी वाढतो. त्यामुळे "थंड ठेवा" ही सूचना अर्धीच ठरते. शक्य असेल तर केंद्रातच सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे नळी यंत्रात वेगाने फिरवून, सीरम वेगळे करावे, ग्लुकोजसाठी पेशींचा साखर वापरण्याचा वेग रोखणारी, राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी वापरावी, आणि डब्यात बर्फाचा पॅक व नळ्या यांच्यामध्ये जाड फोम ठेवावा. सूचना दिल्यावर "समजलं का?" असे विचारू नये, कारण त्यावर "हो साहेब" याखेरीज दुसरे उत्तर येत नाही, एकदा डबा भरून दाखवावा आणि दुसऱ्यांदा त्यांनाच भरायला लावावा.

घामाच्या हाताने नळीवरचे नाव पुसट झाले, तर परिचराने ते आठवणीने पुन्हा लिहू नये, नमुना परत पाठवावा. हे काम वाढवणारे आहे. पण नमुना परत आणल्याबद्दल वॉर्डातून बोलणी बसू लागली की नावे गुपचूप लिहिली जातात. तेव्हा वॉर्डाशी बोलण्याची जबाबदारी पर्यवेक्षकाने स्वतःकडे घ्यावी.

निर्जंतुकीकरणासाठीचे हायपोक्लोराइटचे द्रावण वासावरून ओळखण्याची सवय मोडावी. 5 टक्क्यांच्या मूळ द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग घेतले की 1 टक्क्याचे द्रावण होते. उष्णतेने आणि उजेडाने त्याचा जोर कमी होतो, म्हणून ते रोज ताजे करून त्यावर तारीख, वेळ आणि करणाऱ्याचे नाव लिहावे.

सर्वांत महाग पडणारी चूक सुई टोचण्याच्या बाबतीत होते. मावशींनी लाल पिशवी उचलली आणि तिच्यात कोणीतरी टाकलेली सुई बोटात गेली, तर खरे म्हणजे दोष त्या सुईला पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात न टाकणाऱ्याचा असतो, पण "लक्ष कुठे होतं?" हे वाक्य मावशींनाच ऐकावे लागते, आणि पुढच्या वेळी त्या बोट पदराखाली लपवतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. लपवाछपवीत हा वेळ निघून जातो. जखम पिळू नये, तोंडात घालू नये, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी व लगेच कळवावे, एवढे मराठीत आणि हिंदीतही लिहून कचऱ्याच्या जागेपाशीच लावावे.

कंत्राटी कर्मचाऱ्यांची लस हा विषय कंत्राटदारावर सोडू नये. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी द्यायचे असतात, आणि तेवढ्यात माणूस बदललेला असतो. म्हणून हजेरीपटावरच डोसांचे तीन रकाने आखावेत आणि नवा माणूस रुजू झाला की पहिला डोस व डबा भरण्याचे प्रात्यक्षिक त्याच दिवशी उरकावे.